भाड्याच्या शेतातली तुळस

“ही हांगा कोणें लायली?”

दत्तारामबाबांनी स्कूटर बंद केली नव्हती, हेल्मेटही काढलं नव्हतं. बांधावर उभे राहून ते बोट दाखवत होते. बोटाच्या रोखाने पाहिलं तर मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, दारात तुळस होती. वीतभर उंचीची. खाली जांभ्या दगडाचे तीन चिरे, वर लाल मातीचा गिलावा, पुढ्यात शेणाचा सडा आणि रांगोळी. बाजूला उसाची कांडी अजून बांधलेली होती, कारण तुळशीचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं.

“पार्वतीन लायली, बाब,” मी म्हटलं. मी कौतुकाची वाट पाहत होते.

“लग्नय हांगाच जालें?”

“जालें. बरें जालें.”

त्यांनी स्कूटर बंद केली. मग त्यांची नजर पलीकडच्या वाफ्यांवर गेली. तिथे तुळशीच्याच जातीची हिरवीगार रोपं ओळीने उभी होती, वाफेच्या वाफे.

“आनी ही सगळी?”

“तो सब्जो, बाब. हरमलच्या हॉटेलांत पिझ्झाक घालतात.”

पिझ्झ्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. “आयतारा मेरेन शेत खाली कर,” एवढंच म्हणाले. रविवारपर्यंत शेत रिकामं. काकडीच्या वेलांना तेव्हा फुलं धरली होती, टोमॅटो गुडघ्याएवढा झाला होता आणि मी नोकरी सोडून दिलेली होती.

मी भाड्याच्या जमिनीवर भाजी पिकवते. आज हाच माझा धंदा आहे आणि तो बरा चाललाय. त्यामुळे माझ्याकडे मुलंमुली येतात. शेती करायची आहे, पण जमीन नाही, तर सुरुवात कुठून करायची, असं विचारतात. बियाणं कुठलं, ड्रिप कुठली, सबसिडी कशी मिळते, हे सगळं त्यांनी मोबाईलवर आधीच पाहिलेलं असतं. मी त्यांना या तुळशीबद्दल सांगते. बहुतेकांना वाटतं, मी विषय टाळतेय.

आधी मी हरमलला, गोव्याच्या किनाऱ्यावर, एका रेस्टॉरंटमध्ये परचेस सांभाळत होते. परचेस म्हणजे सकाळी सातला बेळगावच्या टेम्पोची वाट बघत उभं राहणं. काकडी बेळगावची, टोमॅटो बेळगावचा, कोथिंबीरसुद्धा तिथलीच. टेम्पो घाटात अडकला की आमचं सॅलड बंद. रेस्टॉरंटचा मालक आग्नेल एकदा वैतागून म्हणाला, “सुषमा, हांगा वचशीत थंय शेतां पडंग आसात. कोण तरी काकडी लायना कित्याक?” जिथे जाशील तिथे शेतं पडीक आहेत, मग काकडी कोणी लावत का नाही? मी विचार करून म्हटलं, “हांव लायतां. तूं घेतलो?” तो म्हणाला, घेईन. आमचा सगळा करार तेवढाच.

माझे वडील डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे. मूळचे सावंतवाडीकडचे. भाड्याच्या खोलीत आम्ही तिघं भावंडं वाढलो. शेतीचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, “घर भाड्याचा, आता शेतय भाड्याचा. आमचा सगळाच भाड्याचा.” मग आत जाऊन त्यांनी स्वतःचं जुनं खोरं शोधून आणलं आणि नव्या दांड्यासकट मला दिलं.

शेतं पडीक होती हे खरं. ती कोणी देत नव्हतं हेही खरं. इथे बाहेरच्या वाचकाला दोन शब्द समजावून सांगायला हवेत. एक कूळ आणि दुसरा मुंडकार. जो दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ. जो भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहतो तो मुंडकार. गोव्यात या दोघांनाही कायद्याचं चांगलं संरक्षण आहे, आणि पूर्वीचे दिवस पाहता ते असायलाच हवं होतं. पण त्याचा परिणाम असा की ज्याच्याकडे जमीन आहे तो ती गवताला देईल, रानडुकरांना देईल, माणसाला देणार नाही. आज काकडी लावायला दिली तर उद्या हा कूळ म्हणून नाव लावेल, ही भीती त्याच्या पोटात कायम असते. मी मोपेडवरून पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके पालथे घातले. कोणी चहा दिला, कोणी पाणी, एकाने तर स्थळही सुचवलं. जमीन कोणी दिली नाही.

दत्तारामबाब मिळाले ते नशिबानेच. पेडण्याच्या बाजारात त्यांचं घर आणि गावाबाहेर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला शेत. मुलगा परदेशात. ते स्वतः मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. कूळ आणि मुंडकार यांच्या फायली आयुष्यभर त्यांच्याच टेबलावरून गेल्या होत्या, त्यामुळे बाकीच्या मालकांना जी भीती ऐकून वाटायची ती यांना कलमांसकट वाटायची. तरी त्यांनी जमीन दिली, कारण रान इतकं माजलं होतं की शेजारचा त्यांच्या बांधावर हळूहळू सरकत होता. बांध सरकण्यापेक्षा बाई परवडली, असा हिशेब असावा.

अटी त्यांनी व्हरांड्यात उभं राहूनच सांगितल्या. फक्त वायंगणाचा सीझन, म्हणजे पाऊस संपल्यावर जे पाण्यावर पीक घेतात तेवढंच. पाऊस लागायच्या आधी चालतं व्हायचं. लिहून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. मांगरात राखणदार ठेवला तर चालेल, पण त्या पत्त्यावर रेशनकार्ड नाही, वीज नाही, पत्र नाही. आणि शेवटची अट त्यांनी बोट वर करून सांगितली.

“कायमचें कांय लावपाचें ना. माड ना, केळ ना, मशिंगय ना.”

मशिंग म्हणजे शेवगा. माझ्या डोक्यात शेवगा नव्हताच. मी कबूल झाले.

ही अट ते किती मनापासून सांगत होते ते कुंपणाच्या वेळी कळलं. गुरं येऊ नयेत म्हणून मी गिरिपुष्पाच्या काठ्या रोवून त्यांना जाळी बांधली होती. गिरिपुष्प ओल्या जमिनीत रोवलं की फुटतं. बाब एकदा चक्कर मारायला आले आणि काठीवर दोन कोवळी पानं पाहून थबकले. “हें जितें जालें मगो,” हे जिवंत झालं की, म्हणाले, आणि ती काठी उपटून त्यांनी उलटी रोवली, डोकं खाली आणि मूळ वर. मग पुढची. असं करत सगळं कुंपण त्यांनी उलटं केलं. मी हसू दाबत मागून माती दाबत गेले. जमीन मिळाली होती, कुंपणाने कुठे डोकं करावं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

भिकाजी आणि पार्वती हे नवराबायको दोडामार्गकडचे. आधी खाणीवर मजुरी करायचे, मग रस्त्याच्या कामावर. मी त्यांना शेतावर आणलं. मांगरात ती दोघं राहायला लागली आणि माझी निम्मी चिंता गेली. माकडं, डुकरं, मोकाट गुरं, सगळ्यांवर भिकाजीचा आवाज पुरायचा. पार्वतीचा हात असा की तिने लावलेलं रोप मान टाकत नसे. ड्रिप म्हणजे बारीक भोकांच्या काळ्या नळ्या, त्यातून पाणी थेंब थेंब मुळाशी पडतं. त्या नळ्या कुठे चोंदल्या हे ती पानं बघून सांगायची.

तिने तुळस लावली तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. “माणसा रवतत आणि दारात तुळस नाय, असा कसा चलात, बाय?” ती म्हणाली. मलाही ते पटलं. लग्नाला मी आवळे-चिंचा आणल्या, घरून पितळेचं निरांजन आणलं, आणि नवऱ्याकडची माणसं कमी पडली म्हणून मीच नवऱ्याकडची झाले. आम्ही चुरमुरे खाल्ले, भिकाजीने एक फटाका वाजवला, तो अर्धाच वाजला.

एका मामलेदार कचेरीच्या हेडक्लार्कला त्या रोपात काय दिसलं असेल, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे मांगराला दार असतं, चूल असते, खाटसुद्धा असते, पण तुळस नसते. तुळस असते ती घराला. आज तुळस, उद्या घर, परवा मुंडकार. शेवगा एकवेळ परवडला असता.

“काडटां बाब, तुळस काडटां,” त्या दिवशी मी घाईघाईने म्हटलं. “शेत खाली करूंक सांगूं नाकात.”

“काडटली कोण?”

मी भिकाजीकडे पाहिलं. भिकाजी पंपाकडे पाहत होता. “दुसरा कायव सांगा, बाब,” तो म्हणाला. पार्वती मांगराच्या दारात हात पुसत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “उपटूची आसात तर तुमी उपटा. आमी हात लावचव नाय.”

बाब तुळशीच्या दिशेने दोन पावलं गेले. सगळं कुंपण उपटून उलटं केलेला माणूस, पण तुळशीजवळ गेल्यावर त्यांनी चपला काढल्या. चपला काढल्या म्हणजे संपलंच. मग त्याच चपला घालून परत फिरले.

“म्हज्यान जावचें ना,” ते म्हणाले. आपल्याच्याने होणार नाही. “पूण आयतारा मेरेन शेत खाली.”

तुळस राहील, आपण जायचं, असा तो निकाल होता.

दुसऱ्या दिवशी मी देवळात भटजींना विचारलं. ते म्हणाले, तुळस हलवता येते की. मुळासकट, मातीसकट, चांगला दिवस बघून. पण ज्या बाईने लावली तिच्याच हातून आणि तिच्या खुशीने. मी धावत शेतावर आले आणि पार्वतीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“माजी खुशी नाय,” ती म्हणाली. “इतकी वर्षा ह्या कामावरना त्या कामार फिरलव. खयच दार नव्हता. आता दार गावला, तुळस लागली. तुळस गेली काय आमी पण गेलव.”

ती चिडून बोलत नव्हती, म्हणून जास्त अडचण झाली. ती दोघं गेली तर माझं शेत माकडांचं. तुळस राहिली तर शेत बाबांचं. दोन्हीकडून काकडी माझी नव्हती. मला पार्वतीचा राग आला, बाबांचा राग आला आणि मग सब्ज्याच्या वाफ्याजवळ बसून मी चांगली रडले. नोकरी सोडताना माझ्या आईने जे जे बोलून दाखवलं होतं ते सगळं त्या वेळी आठवलं.

संध्याकाळी हरमलला गेले. आग्नेल काउंटरवर बसून हिशेब करत होता. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी चपलांसकट. त्याने पेन खाली ठेवलं.

“सुषमा, म्हाका तुळशीचें सांगूं नाका. म्हाका काकडी जाय. सीझन सुरू जाला. तूं दिना जाल्यार बेळगांवच्याक फोन करतां.”

त्याचं काही चुकत नव्हतं. परचेसला असते तर मीही तेच बोलले असते.

शुक्रवारी मी बाबांच्या घरी गेले. मुदत वाढवून मागायची, काकडीचा पहिला तोडा होईपर्यंत तरी थांबा म्हणायचं, असं ठरवलं होतं. बाब व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांची बायको, मालतीकाकी, आत नीरफणसाच्या फोडी करत होत्या. त्यांनी मला बसवलं आणि चहा नि उंडे पुढे ठेवले. उंडा म्हणजे आमच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, गोल कडक पाव. बाबांनी पेपर खाली केला नाही. म्हणून मी काकींनाच सांगायला सुरुवात केली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तुळशीचं नाव काढल्यावर माझ्या लक्षात आलं.

“आमच्या शेतांत तुळस आसा आनी म्हाका खबर ना?” त्या बाबांकडे वळल्या. “तुमी ती उपटूंक सांगली?”

“उपटूंक ना सांगली,” पेपरच्या मागून आवाज आला. “शेत खाली करूंक सांगलें.”

“म्हणजे तुळस थंयच आनी तिका उदक घालपी मनीस भायर? मागीर तिका उदक कोण घालतलो?”

पेपर खाली आला. या मुद्द्याचा बाबांनी विचार केला नव्हता. तुळशीला पाणी घालणारंच कोणी ठेवलं नाही तर ती सुकणार, आणि ती कोणाच्या जमिनीत सुकली हे विचारायची गरज नव्हती.

काकींनी सुरी ताटात ठेवली. “जमीन कोणाची?”

“आमची.”

“तर तुळस कोणाची?”

बाब कायद्याचं काहीतरी सांगायला लागले. लावणारा कोण, कब्जा कोणाचा, असं. काकी म्हणाल्या, “तुळशीक कायदो लागना. आमच्या जमनींत आसा ती आमची. फाल्यां सांजेर हांव उदक घालूंक येतां. स्कूटर भायर काडून दवरात.”

बाबांनी पेपरची घडी घातली. पण मी त्यांचा चेहरा पाहत होते. आत कुठेतरी फाईल उघडली गेली होती. थोड्या वेळाने ते आपल्याशीच म्हणाले, “आमीच सदांच उदक घालूंक लागल्यार वहिवाट आमची दिसतली.” रोज पाणी आपणच घातलं तर वहिवाट आपली दिसेल. मग माझ्याकडे पाहून प्रथमच नीट बोलले. “बाये, चा थंड जाता, पी.”

शनिवारी संध्याकाळी दोघं आली. काकी पदर खोचून मागे बसलेल्या, हातात तांब्या, आणि तांब्यातलं अर्धं पाणी वाटेत सांडलेलं. त्यांनी तुळशीला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, मग पार्वतीला जवळ बोलावून तिलाही कुंकू लावलं. मला वाटलं झालं. पण बाबांचं बाकी होतं. त्यांच्याकडे विडा, नारळ आणि नैवेद्याचा पाव होता. ते गाऱ्हाणं घालणार होते.

आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, हाका मारतो, काय करणार आहोत ते मोठ्याने सांगतो, सांभाळून घे म्हणतो. बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. बाबांना कागद करायचा नव्हता, कारण कागद केला की मी तिथे शेती करते याचाच तो पुरावा झाला असता. तेव्हा जे कागदावर घ्यायचं ते त्यांनी राखणदारासमोर घ्यायचं ठरवलं. डोक्यावर टोपी घालून, हात जोडून ते उभे राहिले.

“हे जाग्याच्या राखणदारा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं.

“ही जमीन, जिका उदेंतेक व्हाळ, अस्तंतेक सरकारी रस्तो, उत्तरेक आमचेंच भाट आनी दक्षिणेक चुलतभावाचो बांध...” इथे त्यांनी सर्वे नंबर सांगितला. मग सब-डिव्हिजन. मग, राखणदाराचा घोटाळा होऊ नये म्हणून, पोर्तुगीज काळातला जुना नंबरही सांगितला. “अशी ही जमीन म्हज्या आज्यापणज्यापसून आमच्या घराण्याची आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“हे जमनींतली तुळस आमच्या घराण्याची म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” पार्वतीचा आवाज जरा उशिरा आला, पण आला.

“भिकाजी आनी ताची बायल हांगा राखणेक आसात, तांकां कसलोच हक्क ना म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळ्यात मोठ्याने भिकाजीच ओरडला. त्याला भूक लागली होती.

“आनी ही बाय एका सीझनापुरती आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. आयुष्यात मी बरेच करार केलेत, पण स्वतःच्या तोंडाने इतक्या जणांदेखत नाही.

“तर तांच्या पिकाक किडमुंगी लागूं दिवूं नाका, चुकलेंमाकलें सांबाळून घे आनी सगळ्यांचें बरें कर म्हाराजा.”

इथे मात्र मी मनापासून व्हय म्हटलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं. रविवार आला आणि गेला, कोणी शेत खाली केलं नाही. पुढच्या आठवड्यात पहिली काकडी मी हरमलला नेऊन टाकली. आग्नेलने एक मोडून खाल्ली आणि बेळगाववाल्याला फोन केला, उलट कारणासाठी.

गोष्ट इथे संपली असती तर मी शहाणी ठरले असते.

तुळस घराण्याची ठरली, तेव्हा तिला रोज पाणी घालणं घराण्याला आलं. काकी एकही संध्याकाळ चुकवायला तयार नव्हत्या. काकींना स्कूटर चालवता येत नव्हती. म्हणून वर्षानुवर्षं शेतात पाय न ठेवलेले दत्तारामबाब रोज संध्याकाळी शेतावर येऊ लागले. काकी आणि पार्वती तुळशीपाशी बोलत बसायच्या. दोघींचं इतकं काय चालायचं कोण जाणे, दिवा लागला तरी संपायचं नाही. बाब आधी बांधावर, शेताकडे पाठ करून, रस्ता बघत उभे राहायचे.

मग एक दिवस म्हणाले, “ही नळी चोंदल्या.” खरंच चोंदली होती. मग खताच्या गोणीवरचं सगळं छापील वाचून काढलं. मग वेल दोरीला कसे बांधावेत यावरून माझ्याशी वाद घातला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पद्धतीने एक ओळ बांधून दाखवली. ती ओळ चांगली आली. ते सकाळीही येऊ लागले, काकींशिवाय. पेन्शनर माणूस, वेळ जात नसेल, असं मला वाटलं. फुकटचं माणूस मिळालं म्हणून मी खूशही होते. सीझनच्या शेवटी त्यांनी म्हापशाहून गमबूट आणले. गमबूट घातलेला मालक दिसला की भाडेकरूने सावध व्हावं, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

पावसाळ्यापुरतं मी शेत सोडलं, पण तुळशीपायी भिकाजी-पार्वती मांगरातच राहिली. दुसऱ्या वर्षी बाबांनी मला जमीन दिली. अटी त्याच, गाऱ्हाणंही सर्वे नंबरासकट तसंच. फक्त एक वाफा त्यांनी स्वतःला ठेवला आणि त्यात अळसांदे, म्हणजे मोठी चवळी, लावले. पहिल्या शेंगा आल्या तेव्हा त्यांनी त्या रुमालात बांधून घरी नेल्या. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, असं काकी मला म्हणाल्या. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी नेहमीप्रमाणे त्यांच्या व्हरांड्यात गेले. बाबांनी मला बसायला खुर्ची दिली, आणि मला लगेच कळलं की काहीतरी बिघडलंय. यापूर्वी अटी उभ्यानेच ऐकल्या होत्या.

“बाये, ह्या वर्सा शेत हांव करतां.”

“माजो भंय दिसता, बाब? हांव नांव लायन म्हणून?” मी विचारलं. माझी भीती वाटते का? मी नाव लावेन अशी?

“तुजो भंय ना,” ते म्हणाले. त्यांना माझ्या नजरेला नजर देता येत नव्हती. “म्हाका शेत जाय.”

 कायद्याच्या भीतीने काढून टाकलं असतं तर भांडता आलं असतं. माणसाला स्वतःचीच जमीन आवडायला लागली होती. मी घरी येऊन वडिलांचं खोरं भिंतीला टेकवलं आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. दगड फोडून, तण काढून, ड्रिप अंथरून मी ती माती तयार केली होती. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. काकींनी पाठवलेले लाडूही मी परत केले, मग दुसऱ्या दिवशी जाऊन मागून आणले.

नार्व्याला नदीकाठी एक तुकडा मिळाला. मी पेडण्यात दोन सीझन केले आणि कूळ म्हणून नाव न लावता शेत सोडलं, हे नार्व्याच्या मालकाच्या कानावर गेलं होतं. नव्या धंद्यात एवढी शिफारस पुरते. मी भिकाजी-पार्वतीला न्यायला शेतावर गेले. मांगराशेजारी नवे चिरे रचून ठेवले होते. वाळूचा ढीग होता. मी भिकाजीला विचारलं, हे काय?

“बाब एक खोली वाढवतत,” तो म्हणाला. “पावसात आत पाणी येता म्हणान.”

बाब पलीकडे गमबूट घालून नळ्या पसरत होते. मी त्यांच्याकडे गेले. मला राहवलं नाही. “बाब, खोली बांधल्यार तीं मुंडकार जातलीं.”

त्यांनी नळीचं तोंड फुंकून पाहिलं. “जांव दी,” म्हणाले. होऊ देत. “राखणेक मनीस नासलो जाल्यार काकडी कोण राखतलो?”

मी पार्वतीकडे पाहिलं. तुळस आता तिच्या कमरेपर्यंत आली होती. ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, “तुळस टाकून आमी खय जातलव, बाय?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. तिला चल म्हणण्याचा मला काही हक्क नव्हता. तिला पहिल्यांदाच दार मिळालं होतं आणि ते माझ्याचमुळे मिळालं होतं, यातच मला समाधान मानावं लागलं.

त्या सीझनला आग्नेलचा फोन आला. “सुषमा, तुजो भाटकार काकडी घेवन आयला. तुज्यापरस बरी आसा.” तुझ्यापेक्षा बरी, म्हणे. मी त्याला म्हटलं, घे. शेवटी ती माझ्या मातीतलीच होती. नार्व्याचा सब्जा मात्र तो माझ्याकडूनच घेतो, कारण बाब तो लावायला तयार नाहीत. तुळशीच्या जातीचं काही कापून विकणं त्यांना पटत नाही.

तर भाड्याच्या जमिनीवर शेती सुरू करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. माती तपासा, पाणी तपासा, वाट कुठून आहे ते पाहा. आणि एक लक्षात ठेवा की जमीन तुम्हाला भाड्याने मिळते, कारण तिच्या मालकाला तिचा कंटाळा आलेला असतो. तो कंटाळा जपा. नार्व्याच्या मालकाला मी भाजी दर आठवड्याला घरपोच पाठवते. शेतावर या असं अजून एकदाही म्हटलेलं नाही.